शामसुंदरांचे नाक आणि प्रेमलाबाईंचे मोदकपात्र

नवविधा भक्तीत श्रवण आहे, कीर्तन आहे, पादसेवन आहे. धूम्रपान तेवढे नाही. ही उणीव शास्त्रकारांच्या नजरचुकीने राहिली असावी, असे शामसुंदर पांढरीपांडे यांचे प्रामाणिक मत होते. कानाने देवाचे नाम ऐकावे, डोळ्याने रूप पाहावे, मुखाने गुण गावे, आणि नाकाने मात्र नुसता श्वास घेत बसावे, हा नाकावर अन्याय नव्हे काय? म्हणून दर रविवारी, स्नान-पूजा आटोपून, ते भिलाईच्या सेक्टर सातमधल्या आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बसत आणि त्या उपेक्षित इंद्रियाला भक्तिमार्गाला लावीत.

शामसुंदर पोलाद कारखान्यात आगगाडीचे रूळ लाटणाऱ्या रेल मिलचे फोरमन. गुरुवारच्या भजनात मृदंग त्यांचा, आणि रविवारी पाइप त्यांचा. दोन्हींत ठेका महत्त्वाचा, असे ते सांगत. घाईने ओढला तर व्हर्जिनिया तंबाखू जिभेला चावतो. विलंबित लयीत ओढला, तर आतली साखर हळूच वर येते.

या भक्तीतले त्यांचे सोबती म्हणजे हिशेब खात्यातले भैय्याजी देवतळे. भैय्याजी विधुर. त्यांचा भाचा विशाखापट्टणमला बोटीवर नोकरीला. तो परदेशी व्हर्जिनियाचे तीन डबे आणून देई. त्या तिघांना शामसुंदरांनी नावे ठेवली होती. पिवळ्या डब्यातला उजळ, ताज्या गवताच्या आणि लिंबाच्या सालीच्या वासाचा, तो काकडा. तांबड्यातला भाजक्या पावाची आठवण देणारा, मनुकांचा, तो मध्यान्ह. आणि काळ्या डब्यातला, दाबून मुरवलेला, काकवीसारखा दाट, तो शेजारती. भैय्याजी पाठ फिरवून पाइप भरीत, शामसुंदर डोळे मिटून झुरका घेत आणि कोणती आरती चालू आहे ते सांगत. मग भैय्याजी हटकून विरोध करीत, आणि दुपारच्या जेवणापर्यंत भांडण रंगे. घरी परतल्यावर भैय्याजींशी भांडायला भिंतींखेरीज कोणी नव्हते. त्यामुळे हा रविवार त्यांना फार जपून वापरावा लागे.

ब्याऐंशीच्या थंडीत शामसुंदरांना जबर सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास बरोबर घेऊन गेली. त्यांनी कापूर हुंगला, हिंग हुंगला, शेवटी कारखान्यातून आलेले मोजे हुंगले. नाकाने कशाचीच दखल घेतली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत. देवही असेच म्हणतो, आणि त्याचीही तारीख नक्की नसते.

शामसुंदरांनी हे कोणालाच सांगितले नाही, प्रेमलाबाईंनाही नाही. भैय्याजी येतो तो आपल्या नाकासाठी, असा त्यांचा पक्का समज होता. नाक गेले म्हणजे भैय्याजी गेला. आणि भैय्याजीवाचूनचा रविवार म्हणजे टाळांवाचूनचे भजन: आवाज होतो, पण कोणी उठून नाचत नाही.

तेव्हा त्यांनी भजनात शिकलेली जुनी युक्ती वापरली. सूर लागत नसला, की शब्द वाढवायचे.

"बोल, कोणता?" भैय्याजी विचारीत.

"मध्यान्ह," शामसुंदर डोळे मिटून म्हणत. "पण आज मनुका मांगं सरून राहिल्या, अन् गवताचा वास पुढं येऊन राहिला. डबा उघडा ठेवला होता का बे?"

"असंल," भैय्याजी घाईघाईने म्हणत. "राहिला असंल उघडा."

 पूर्वीचा भैय्याजी एवढ्या वाक्यावर खुर्ची सोडून उठला असता! हा नवा भैय्याजी गाभाऱ्यातल्या पुजाऱ्यासारखा कशालाही होकार देई. त्याला कळले असावे. तो कीव करीत असावा. त्यात आणखी एक भीती. वास नसला तरी जिभेला चावा कळतो. काकडा कडक चावे, शेजारती केवळ गुदगुल्या करी. आता तिन्ही एकसारखेच चावत. म्हणजे नाकापाठोपाठ जीभही निघाली की काय? इंद्रिये अशी एकामागून एक विरक्त होऊ लागली, तर संन्यास घ्यायला खुद्द शामसुंदरांची गरजच उरली नसती.

असे करता करता गणेश चतुर्थी आली.

आता विदर्भातली माणसे मोदक तळतात. पण प्रेमलाबाईंची आई अलिबागकडची, त्यामुळे उकडीच्या मोदकांचे जाळीदार तांब्याचे मोदकपात्र सगळ्या सेक्टरात त्यांच्याकडेच होते. उन्हाळ्यात भैय्याजींनी ते ढोकळा करून पाहतो म्हणून मागून नेले होते. एकटा माणूस, पोटाचे कौतुक करतो आहे, म्हणून बाईंनी प्रेमाने दिले. ते परत आले हरतालिकेच्या संध्याकाळी, चिंचेने घासून लखलखीत. दुसऱ्या दिवशी मोदक उकडताना बाईंना तंबाखूचा वास आला. पण त्या घरात तंबाखूचा वास येणे ही काही बातमी नव्हती. आणि नैवेद्य चाखू नये, हुंगूही नये, हा नियम. बाईंनी नाक वळवले आणि मोदक देवापुढे ठेवले.

आरती झाली. पाने मांडली. वर्ध्याहून आलेल्या गिरजाआत्या, प्रेमलाबाई, शामसुंदर आणि भैय्याजी बसले. मोदकाची शेंडी फोडून तूप सोडले, पहिला घास गेला, आणि पंगतीवर शांतता पसरली. भैय्याजी तर घास तोंडात धरून दगड झाले.

शामसुंदरांना ही शांतता ओळखीची वाटली. रविवारी पहिल्या झुरक्यानंतर अशीच पडते. सगळे आपल्या शब्दाची वाट पाहत असतात. त्यांनी डोळे मिटले.

"वा! वेलदोड्याचा काय घमघमाट सुटून राहिला! केशरही यंदा सढळ हातानं पडलं."

"अहो," प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या, "केशर नाही टाकलं मी. तुमाले दुसऱ्या कशाचाच वास नाही येऊन राहिला?"

"तंबाखू हाय याच्यात," गिरजाआत्यांनी निकाल दिला.

"तुमाले कसं कळलं, आत्याबाई?" प्रेमलाबाईंनी विचारले.

रोज पहाटे न्हाणीघराचे दार लावून तंबाखूची मिश्री लावणाऱ्या आत्याबाईंनी दुसरा मोदक घेतला.

"वहिनी," भैय्याजींचा आवाज तळातून आला, "मोदकपात्रात ढोकळा नव्हता केला म्या."

"मंग?"

"व्हर्जिनिया."

मग सगळी हकीकत बाहेर पडली. संक्रांतीलाच भाच्याने बोट सोडली होती. डबे रिकामे झाले होते. भैय्याजींनी सुपेल्याच्या बाजारातून गुंटूरचे पिवळे व्हर्जिनिया पान आणले, मोदकपात्रात वाफवले, भंगारवाल्याकडून आणलेल्या रेलच्या तुकड्याखाली दाबले, सुपारीसारखे कातरले, आणि तिन्ही डब्यांत भरले.

"तिन्हींत एकच?" शामसुंदरांनी विचारले. जीभ शाबूत आहे, हा आनंद क्षणभर त्यांच्या तोंडावर चमकला आणि लगेच संतापात बुडाला. "म्हणजे इतके दिवस तू मले एकच पाला पाजून राहिला?"

"अन् तू इतके दिवस त्याच्यात मनुका शोधून राहिला! नाक गेलं त सांगाचं नाही का बे? तो रेलचा तुकडा उचलू उचलू माही कंबर गेली!"

"तू कावून नाही सांगितलं?"

"डबे संपले म्हणलं असतं, त तू कायले बसला असता माह्याजवळ?"

शामसुंदरांच्या तोंडाशी उत्तर आले होते; पण तेवढ्यात प्रेमलाबाई कडाडल्या.

"देवाले तंबाखूचा नैवेद्य दाखवला मी! भाऊजी, तुमाले काही लाजगिज हाय का नाही?"

"घरातलं सगळ्यांत लांब नाक त्याचं," गिरजाआत्या गणपतीकडे मान वळवून म्हणाल्या. "त्यानं तक्रार नाही केली. तुमी कावून ओरडून राहिल्या?"

भैय्याजी मात्र पानावरून उठले. संध्याकाळच्या आरतीला आले नाहीत, विसर्जनालाही नाहीत. प्रेमलाबाईंचा राग दोन दिवसांत निवळला. त्यांनी निरोप धाडला, तरी गृहस्थ येईना.

रविवार उजाडला. शामसुंदरांनी दोन खुर्च्या मांडल्या आणि पाइप न पेटवता दातांत धरून बसले. पोहे झाले, चहा झाला. पाइप पेटवावासा वाटेना. नाकाचे त्यांना आता काहीच वाटत नव्हते. ते फाटकाकडे पाहत होते.

ऊन पायरीवर आले, तेव्हा फाटक करकरले. भैय्याजी सायकल हाताने ढकलीत आत आले. कॅरिअरला सुतळीने वीतभर रेलचा तुकडा बांधलेला. तो त्यांनी कण्हत सोडवला आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात टाकला. फरशीचा टवका उडाला.

"हे काय आणून टाकलं बे? परत कधी नेतो?"

"मी नाही नेत. कंबर गेली म्हणलं ना. आता दाबाचं ते इथंच दाबू. वहिनीले सांग, नवं मोदकपात्र नागपूरहून येऊन राहिलं, जुनं आपलं."

मग नेहमीसारखी पाठ फिरवून त्यांनी पाइप भरला, पेटवून पुढे केला.

"बोल, कोणता?"

शामसुंदरांनी डोळे मिटले. वास नव्हताच. जिभेला मात्र चावा कमी लागला. "गुंटूर. दुसरं हाय काय तुह्याजवळ?"

"चूक! गुळाच्या पाण्यात मुरवला हाय."

"गूळ? व्हर्जिनियाले गूळ? अबे, त्याची स्वतःची साखर काय मेली होती?"

"ज्याले नाक नाही, त्यानं साखरेच्या गोष्टी करू नाही!" भैय्याजी खुर्ची सोडून उठले.

शामसुंदरही उठले. आत प्रेमलाबाईंनी भैय्याजींचाही भात लावला.