दौलतने कापलेलं टेबल

दौलत गेल्याचं बायकोने दारात येऊन सांगितलं, तेव्हा मी फोनवर चंद्रपूरच्या, पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्या खोकेवाल्याशी भाव करत होतो. तिने सांगितलं, मी ऐकलं, आणि खोकेवाल्याला म्हणालो, "नाई, एवढ्यात जमत नाई. गाडीभाडं तुमच्याकडे." तो कबूल झाला. मी फोन ठेवला. बायको तिथेच उभी होती. "मी काय म्हनलं ते समजलं का तुमाले?" समजलं होतं... पण समजलेलं आत शिरायला बराच वेळ लागला. दौलत सुतार, शाळेपासूनचा माझा दोस्त. कोरपन्याकडे एका घराच्या चौकटी बसवायला गेला होता. दुपारी जेवायला बसला, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत भिंतीला टेकला तो टेकलाच. पन्नाशीही झाली नव्हती. सात महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. माझा राग होता त्याच्यावर. राग आहे तिथेच राहिला आणि माणूस गेला. पाच आठवडे झाले, अजून मला हे खरं वाटत नाही.

मी पोंभुर्ण्यात चारोळी, मोहफुलं, हिरडा, मध असा जंगलाचा माल घेतो आणि साफ करून शहरात पाठवतो. सायकलला पोती बांधून धंदा सुरू केला. पाठीशी कोणी नव्हतं, म्हणून भाव केल्याशिवाय मी काडेपेटीसुद्धा घेत नाही. दौलतलाही सोडत नव्हतो. त्याने मजुरी सांगितली की मी निम्मी सांगायचो. तो रंधा खाली ठेवून हसायचा. "सुध्या, लग्नात तू बामनासंग फेऱ्याचाही भाव केलता."

"केलता. सातातला एक कमी नाई केला त्यानं, हेच दुख आहे."

गेल्या वर्षी शहरातले गिऱ्हाईक छापील बिल मागायला लागले, पाकिटावर लेबल मागायला लागले, मोबाईलवर ऑर्डरी येऊ लागल्या. बाहेर गाळा घेण्यापेक्षा घराच्या समोरच्या खोलीतच ऑफिस करायचं ठरवलं. काम दौलतला दिलं. पहिला अख्खा दिवस तो त्या रिकाम्या खोलीत नुसता बसून होता. मी खवळलो, "बसाची रोजी घेतं काय बे?" तो म्हणाला, "उजेड कुठून कुठी जाते ते पाहून राह्यलो." मग त्याने सांगितलं, कॉम्प्युटर खिडकीच्या समोर नको, बाजूला ठेव, नाहीतर पडद्यावर काही दिसणार नाही. प्लगचे बोर्ड कमरेइतके वर घे, खाली पोत्यांची धूळ जाते. मोहफुलांची पोती लागतात त्या भिंतीला प्रिंटर नको, कागद ओलसर होऊन अडकतो. माल आणणाऱ्यांसाठी अंगणाकडून वेगळं दार काढ, स्वयंपाकघरातून कोणी जायला नको. हे सगळं मी मुकाट्याने ऐकलं, कारण बरोबर होतं.

टेबलाचं मात्र ऐकलं नाही. नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे मी उंच, रुंद टेबल आणि फिरती खुर्ची पाहिली होती. तसंच मला हवं होतं, सागवानाचं. दौलत म्हणाला, "माल आननाऱ्या बाया कुठी बसतीन?"

"उभ्या राहतीन. बँकेत नाई राहत का?"

त्याने मान हलवली आणि मी सांगितलं तसं टेबल करून दिलं. टेबल असं देखणं झालं की लोक बघायला यायचे. मी त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि शेजारी इलेक्ट्रिक काटा, आकडा माझ्याकडे तोंड करून.

आमच्याकडे बाया जंगलातून माल आणतात तेव्हा आल्या आल्या तोलत नाहीत. आधी जमिनीवर बसतात, गाठोडं सोडतात, माल पसरतात, पाणी पितात, गावच्या दोन गोष्टी बोलतात. मग काटा. तोल चालू असताना त्या काट्याकडे डोळे लावून असतात. ही पद्धत मला चांगली ठाऊक होती, मीही वीस वर्षं जमिनीवर बसूनच माल घेतला होता. खुर्चीत बसलो आणि विसरलो. ऐन चारोळीच्या हंगामात बाया कमी यायला लागल्या. माझ्या अंगणासमोरून डोक्यावर गाठोडी घेऊन त्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जायच्या. मी भाव वाढवला तरी जायच्या. आणखी एक महिना असा गेला असता तर शहरातल्या ऑर्डरी मला परत कराव्या लागल्या असत्या.

दौलत म्हणाला, "तुया काट्याचा आकडा तुलेच दिसते."

"त्याईले वाचता येते काय?"

"येवो नाई तं न येवो. पाहाचं असते त्याईले."

मी त्याला, तू तुझी करवत सांभाळ, असं सुनावलं आणि दोन दिवसांसाठी लेबलं छापायला नागपूरला गेलो. परत आलो तर टेबल गुडघ्याएवढं झालं होतं. चारही पाय कापलेले. फिरती खुर्ची मागच्या पडवीत. टेबलाभोवती सात-आठ बाया मांडी घालून बसलेल्या आणि दौलत कापलेल्या कडांना पॉलिश पेपर घासत होता.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. "कोनाले इचारून कापलं?" हे मात्र दहा वेळा विचारलं, त्या बायांसमोर. त्याने करवत पिशवीत घातली, चपला घातल्या आणि गेला.

त्यानंतर बाया परत आल्या. हंगाम निभावला. आता मी गादीवर बसतो, काट्याचा आकडा सगळ्यांना दिसतो. हे त्याला सांगायला मी गेलो नाही. दोन गल्ल्यांवर घर... बाजारात तो समोरून आला की मी वांगी निवडायला लागायचो. माझं म्हणणं एवढंच होतं की वस्तू माझी, घर माझं, मला विचारायला हवं होतं. आजही माझं म्हणणं तेच आहे.

गेल्या आठवड्यात सोमीबाई हिरडा घेऊन आली. जंगलाकडच्या गावची, माझी सगळ्यात जुनी माल देणारी. गाठोडं सोडता सोडता म्हणाली, "भाऊ, सुतारभाऊले निरोप द्या, खाटेचं काम आहे." मी सांगितलं, दौलत गेला. तोपर्यंत ते वाक्य मी स्वतःच्या तोंडाने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने गाठोडं बाजूला सारलं. मग टेबलाच्या कडेवर हात ठेवून म्हणाली, "वाटेवरून बलावून इथीच बसवलं होतं आमाले. एकेकीच्या खांद्याले दोरी लावून पाहे. एवढं चालते का, एवढं? सगळ्याईले पुसलं त्यानं."

"मंग मले काऊन नाई पुसलं?" माझा आवाज चढला होता. मेलेल्या माणसावर.

"मी बी म्हनलं, भाऊले पुसा. तं म्हने, त्याले पुसलं तं तो चार बोटासाठी दिवसभर भाव करन, अन् तुमी चारोळी घेऊन घरी जान." ती हसली आणि पदराने डोळे पुसले.

केला असता. नक्कीच केला असता. चार बोटं नाही तर दोन बोटं तरी वर ठेव म्हटलं असतं, आणि ते बरोबरही होतं, कारण दौलतने माप घेतलं ते बसलेल्या बायांचं, माझं नाही. गादीवरून उठताना रोज माझा गुडघा त्या कडेला आपटतो. आपटला की तोंडातून शिवी निघते, त्याचं नाव घेऊन... आणि मग मी तसाच अर्धवट उठलेला थांबतो, तो काय म्हणतो ते ऐकायला.