फ्रिजमधलं केळं आणि शोभाबाईंचं पोटॅशियम

"मॅडम, तुमचं मशीन एकदा कोणाला तरी दाखवून घ्या," डॉ. वानखडे फोनवर म्हणाल्या. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. अमरावतीत आमच्या लॅबपासून दोन चौक पलीकडे त्यांचं हॉस्पिटल आहे. एरवी त्या इतकं तिरकं बोलत नाहीत, पण शोभाबाईंचं ऑपरेशन त्या दिवशी तिसऱ्यांदा रद्द झालं होतं आणि तिन्ही वेळा कारण एकच, आमच्या लॅबचा रिपोर्ट.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे पेशंटचं तोंडही न पाहता पेशंटबद्दल ठामपणे बोलणारी डॉक्टर. आमच्याकडे माणूस येत नाही, नळी येते. मी म्हणाले, मशीन रोज सकाळी तपासतो, तुम्ही तुमचा पेशंट तपासा. फोन ठेवला आणि मग मलाच वाईट वाटलं, कारण डॉ. वानखडे पेशंटसाठीच चिडल्या होत्या.

शोभाबाई चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा-बायको मिळून भाजीपाला लावतात. वांगी, मेथी, सांभार. (पुण्याच्या वाचकांनी सांभार म्हणजे कोथिंबीर वाचावं, इडलीसोबतचं नव्हे.) शोभाबाईंच्या गर्भाशयात गाठी होत्या आणि दर महिन्याला इतकं रक्त जायचं की हिमोग्लोबिन घसरत घसरत सातावर आलं होतं. उपाय एकच, पिशवी काढणं. आणखी दोन-तीन महिने असेच गेले असते तर ऑपरेशन झेपण्याइतकं रक्तच अंगात उरलं नसतं.

पण ऑपरेशनआधीच्या तपासण्यांमध्ये पोटॅशियम वाढलेलं निघालं. पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. साडेतीन ते पाचच्या मध्ये असला की हृदय नीट चालतं. फार वाढला तर ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. शोभाबाईंचं आलं सहा. भूलतज्ज्ञ म्हणाले, या आकड्यावर मी भूल देणार नाही. शंभर टक्के बरोबर म्हणाले. मी त्यांच्या जागी असते तर मीही हात वर केले असते.

मग पथ्य सुरू झालं. केळी बंद, संत्री बंद, टमाटे, आलू, पालक बंद, वरण बंद. वऱ्हाडातल्या माणसाला वरण बंद म्हणजे जेवण बंद. दोन आठवड्यांनी चांदूरलाच पुन्हा रक्त घेतलं, कारण अशक्तपणामुळे अमरावतीची फेरी बाईंना झेपत नव्हती. आकडा आला सहा पूर्णांक दोन. पथ्य आणखी कडक झालं, वर पोटॅशियम उतरवणारी एक बेचव पावडर पाण्यातून सुरू झाली. तिसऱ्यांदा आकडा आला साडेसहा. बाई खात होत्या कमी आणि पोटॅशियम वाढत होतं जास्त. किडनीच्या तपासण्या ठीक होत्या, ईसीजी ठीक होता. तरी नागपूरला किडनीच्या डॉक्टरला दाखवा असा सल्ला निघाला आणि घरात सगळे धरून चालले की किडन्या गेल्या.

डॉ. वानखडेंच्या त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी शोभाबाईंचे यजमान रामदासभाऊ लॅबमध्ये आले. शिडशिडीत माणूस, गळ्यात दुपट्टा, हातात आमचे तिन्ही रिपोर्ट. मला वाटलं भांडायला आले. मी भांडणाच्या तयारीतच बसले. ते खुर्चीच्या टोकावर टेकले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, मले एकच सांगा. केळं नाही, आलू नाही, वरण नाही. थे नुसता भात खाऊन राह्यली. मंग हे पोटॅशियम येऊन कुठून राह्यलं?"

मी तिन्ही रिपोर्ट त्यांच्याकडून घेऊन पुन्हा वाचले. मी म्हणाले, भाऊ, दोन दिवस द्या. नागपूरची गाडी तेवढी थांबवा. ते बरं म्हणाले आणि गेले. कुठून येतंय हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला.

पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसायची काही ठरलेली कारणं असतात. आम्ही एकेक पाहिलं. पहिलं कारण, नळीत रक्तपेशी फुटणं. पेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, ती फुटली की सगळं बाहेर. पण पेशी फुटल्या की वरचं पाणी, ज्याला आम्ही सीरम म्हणतो, ते लालसर दिसतं. शोभाबाईंचं सीरम फोडणीच्या तेलासारखं पिवळं आणि स्वच्छ होतं. दुसरं कारण, जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतणं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचंच औषध लावलेलं असतं, आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. पण तसं झालं असतं तर कॅल्शियम एकदम खाली आलं असतं, आणि ते जागच्या जागी होतं. तिसरं, रक्त घेताना पेशंटला मूठ फार आवळायला लावणं, कारण आवळलेल्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात उतरतं. त्यासाठी, जिथे रक्त घेऊन आमच्याकडे पाठवतात त्या चांदूरच्या कलेक्शन सेंटरला फोन केला. ते सेंटर विजूभाऊ चालवतात. सज्जन माणूस, हात हलका, लहान लेकरूसुद्धा त्यांच्याकडे रडत नाही. म्हणाले, मूठ नाही, काही नाही. मग विचारलं, सॅम्पल पाठवता कसं? तर म्हणाले, "एकदम काळजीनं पाठवतो, मॅडम." या उत्तरावर पुढे काय विचारायचं असतं, तुम्हीच सांगा.

मशीनही पुन्हा तपासलं. ठणठणीत होतं. मला तर त्याचा रागच आला.

आता आमच्या चहाबद्दल सांगायला हवं. चार वाजता लॅबमध्ये चहा होतो आणि चहासोबत गजूभाऊंचा प्रश्न होतो. गजूभाऊ आमचे सिनियर टेक्निशियन, मूळ अकोल्याचे. अकोल्याचं ऊन अमरावतीपेक्षा भारी, हा त्यांच्या अभिमानाचा विषय. त्यांना रोज काही ना काही खटकतं. पंख्याची पाती कधीकधी उलटी फिरताना का दिसतात? पावसाळ्यात माठातलं पाणी गार का होत नाही? चहाच्या भरल्या कपात दोन चमचे साखर टाकली तरी कप सांडत कसा नाही, ती साखर बसते कुठं? आम्ही सगळे तोंडाला येईल ते ठोकतो, आणि एखाद्या दिवशी चुकून बरोबरही येतं.

मशीन तपासलं त्या दिवशी ते जरा वैतागलेले होते. घरी डझनभर केळी आणली होती, उन्हानं खराब होतील म्हणून वहिनींनी फ्रिजमध्ये ठेवली आणि दोन दिवसांत सगळी काळी ठिक्कर. "फ्रिजमंदी वस्तू टिकावी ना मॅडम? मंग केळं काळं काहून पडते?"

मी बिस्कीट खात उत्तर दिलं, तेही अर्धवट लक्ष देऊन. म्हणाले, केळं उष्ण प्रदेशातलं फळ आहे, त्याला थंडी सोसत नाही. फार गार झालं की सालीतल्या पेशींची आवरणं ढिली पडतात. आतलं बाहेर येतं, ज्या गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात त्या एकमेकींत मिसळतात, त्यावर हवा लागते आणि साल काळी पडते. थंडीनं सगळंच टिकतं असं नाही गजूभाऊ, काही ठिकाणी थंडीनं आतलं बाहेर येतं.

आतलं बाहेर येतं. बिस्कीट चहात पडलं. माझं स्वतःचंच वाक्य मी पुन्हा ऐकलं.

रक्ताची पेशी म्हणजे केळं नव्हे, दोन्हीकडे घडतं ते तंतोतंत एक नाही. पण थंडीशी दोघांचंही वाकडं. तांबड्या पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट पोटॅशियम असतं. ते आपोआप आत राहत नाही. थोडं थोडं सतत झिरपून बाहेर येत असतं आणि पेशीच्या आवरणातले बारीक पंप ते ओढून पुन्हा आत टाकत असतात. शेतातल्या मोटरीसारखं समजा. लाइन आहे तोवर पाणी चढतं, लाइन गेली की उतरायला लागतं. हे पंप चालायला अंगातली ऊब लागते. रक्त बर्फात ठेवलं की पंप मंद पडतात, झिरपणं मात्र चालूच राहतं. पेशी फुटत नाही म्हणून सीरम लाल होत नाही. बाहेरून सगळं छान दिसतं, आणि नळीत पोटॅशियम वाढत राहतं.

हे पुस्तकात असतं. थंड देशांमध्ये हिवाळ्यात असे घोटाळे होतात, असंही असतं. पण अमरावतीत, मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना थंडीवर संशय कोणाला येणार? आमचं सगळं वैर उन्हाशी.

विजूभाऊंना लगेच फोन लावला. या वेळी प्रश्न नीट विचारला. रक्त घेतल्यापासून आमच्या दारात येईपर्यंत नळी कुठे कुठे असते?

मग सगळं बाहेर आलं. रक्त घेतल्यावर ते मशीनमध्ये गरगर फिरवून सीरम वेगळं करायचं असतं, पेशी खाली आणि पाणी वर. एकदा वेगळं केलं की मग कितीही गार करा, काही होत नाही. विजूभाऊंचं ते मशीन बिघडून नागपूरला दुरुस्तीला गेलेलं. त्यात उन्हामुळे लोक दिवसा बाहेर पडेनात, रक्त द्यायला संध्याकाळी यायचे. संध्याकाळचं सॅम्पल सकाळच्या गाडीनं अमरावतीला निघायचं. मधल्या वेळात खराब होऊ नये म्हणून ते न फिरवलेलं रक्त रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बर्फाच्या डब्यात. आणि जसजसं ऊन वाढलं तसतसा बर्फही वाढला.

"दुधासारखं जपलं मॅडम मी," विजूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. मी त्यांना सांगितलं की तुम्ही जपलं त्यात खोट नाही, फक्त आता जपू नका. इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चांदूरहून येणाऱ्या बहुतेकांच्या तपासण्या शुगर, थायरॉइड अशा. पोटॅशियम क्वचितच कोणी सांगतं. ज्यांचं सांगितलं होतं त्या सगळ्यांना विजूभाऊंनी त्याच दिवशी स्वतः फोन करून पुन्हा बोलावलं.

तरी नुसत्या अंदाजावर डॉ. वानखडेंना काय सांगणार? गजूभाऊंनी बाही वर केली. म्हणाले, माहंच घ्या. त्यांच्या रक्ताच्या तीन नळ्या भरल्या. एक लगेच फिरवून तपासली, चार पूर्णांक तीन. दुसरी न फिरवता एसीच्या खोलीत ठेवली. तिसरी न फिरवता फ्रिजमध्ये, आमच्या जेवणाच्या डब्यांशेजारी नव्हे, सॅम्पलच्या फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी एसीतल्या नळीचा आकडा जेमतेम हलला होता. फ्रिजमधली साडेसहाला टेकली होती. गजूभाऊ स्क्रीनसमोर उभे राहून स्वतःचाच आकडा पाहत होते. कारण माहीत असूनही त्यांनी एकदा छातीवर हात ठेवून पाहिला, बापरे! आम्ही सगळे इतके हसलो की रिसेप्शनवरची मुलगी आत बघायला आली.

रामदासभाऊंना फोन केला. शोभाबाईंना गाडी करून थेट लॅबमध्ये आणा म्हटलं. त्या आल्या तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी कोणाबद्दल आकडे लिहीत होते. चेहरा पांढराफटक, दंडाची हाडं वर आलेली, दोन पायऱ्या चढून धाप लागलेली. मी स्वतः रक्त घेतलं, ती नळी कोणाच्याही हातात दिली नाही आणि मशीनसमोर उभी राहिले. आकडा आला चार पूर्णांक एक. मला रडू आलं, आणि ते लपवायची गरजही मला वाटली नाही.

डॉ. वानखडेंना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता ॲडमिट करते. दोन बाटल्या रक्त चढवून त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. सुरळीत झालं.

चौथ्या दिवशी मी वॉर्डात भेटायला गेले. शोभाबाई पाठीला उशी लावून वरण-भात खात होत्या, रामदासभाऊ शेजारी लिंबू कापत होते. काय घोटाळा झाला ते त्यांना मी नीट सांगावं असं मला वाटत होतं. त्यांचा तो हक्कच होता. मी पेशी सांगितली, पंप सांगितला, विजूभाऊंचा बर्फ सांगितला. त्या घास चावत ऐकत होत्या, डोळे माझ्यावरच.

"म्हंजे पोटॅशियम माह्या आंगात वाढलंच नोतं?"

"नाही."

"नळीत वाढलं."

"हो."

त्यांनी ताटातलं वरण बोटानं पुसून घेतलं. "मंग पथ्य नळीले सांगाचं होतं ना बाई. मले काहून उपाशी ठेवलं?"

रामदासभाऊ हसू दाबायला खिडकीकडे वळले. मी हात जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आता आमच्याकडे पोटॅशियम वाढलेलं दिसलं आणि बाकी सगळं ठीक असलं की पहिला फोन पेशंटला जात नाही, नळी जिथून आली तिथे जातो. फोनवर "काळजीनं पाठवलं" असं उत्तर आलं तर गजूभाऊ विचारतात, म्हणजे नेमकं काय केलं?