जानवासात गाडीने डोळा मारला

सांगतो, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझ्यासारख्या सावध माणसाच्या हातून असं काही होईल, यावर माझा मलाच अजून विश्वास बसत नाही!

माझ्याकडे एक जुनी, बिनछपराची, दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. तिचे दिवे एरवी बॉनेटमध्ये मिटलेले असतात. बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे टपकन वर येतात. मी काही इंजिनिअर नाही. जे शिकलो ते उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून.

ताईचं सासर तंजावरच्या मराठी घराण्यातलं, आता चेन्नईत. मीही इथलाच. भाचीचं लग्न ठरलं. या लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला, त्यांच्या भाषेत मापिळ्ळेला, उघड्या गाडीतून वाजतगाजत कार्यालयात आणतात. त्याला म्हणतात जानवास. भाऊजी भाड्याची गाडी ठरवायला निघाले, तर मी आडवा!

"घरात गाडी असताना भाड्याची कशाला?"

"अरे, ऐनवेळी बंद पडली तर? व्याह्यांसमोर नाक कापलं जाईल माझं!"

"माझ्यावर सोडा, भाऊजी."

सोडलं. आणि नेमका जानवासाच्या दुपारी डावा दिवा वर येईना!

मी डगमगलो नाही. फ्यूज पाहिला, ठीक होता. दिव्याच्या मोटरवर हाताने फिरवायची एक मूठ असते. ती फिरवली, तर दिवा सुरळीत वर. म्हणजे मोटरला वीजच धड पोचत नव्हती! समुद्राच्या खाऱ्या हवेने वायरचा प्लग गंजला होता. घासून लख्ख केला. उघड, मीट. उघड, मीट. झकास!

संध्याकाळी मैलापूरच्या देवळापासून मिरवणूक निघाली. मी रेशमी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं तमिळ धोतर, नेसून स्टिअरिंगवर. शेजारी नवरदेव. पुढे नादस्वरमवाले, म्हणजे दाक्षिणात्य सनईवाले, आणि गाडीकडे तोंड करून मोबाईलवर व्हिडिओ काढणारी नवरदेवाची आत्या. अंधारून आलं तसं मी बटण दाबलं. उजवा दिवा वर आला. डावा अर्धा आला आणि खाली गेला. परत वर. परत खाली.

नवरदेव कानाशी लागला, "मामा, तुमची गाडी आमच्या आत्याला डोळा मारतेय पा!"

आत्याने मोबाईल खाली घेतला. "अय्यो! ही कुणाची शिकवण?"

मी उतरलो, माळा बाजूला सारल्या, बॉनेट उघडलं आणि वाकून मूठ फिरवायला लागलो. फ्यूज काढल्याशिवाय त्या मुठीला हात लावायचा नाही, हे भेटेल त्याला मी बजावत आलोय. आणि स्वतः? साफ विसरलो!

"थांबा मामा, मी बटण दाबून बघतो!" नवरदेव म्हणाला आणि दाबलंच.

खटक! दिवा मिटला. माझ्या वेष्टीचं टोक आत!

उपरणं असतं तर दिलं असतं सोडून. वेष्टी कशी सोडू? भर रस्त्यात? मोटरच्या दांड्याला रेशीम असं गुंडाळलं गेलं की मूठही हलेना. ओढलं, तर नेसूच सुटायला लागलं!

भटजी मागून ओरडले, "वाङ्निश्चयाचा मुहूर्त टळतोय! निघा!"

भाऊजींचा चेहरा पांढराफटक. "म्हटलं होतं मी! म्हटलं होतं की नाही?"

"मामा, तुम्ही बॉनेटवर बसा," नवरदेव म्हणाला. "मी चालवतो."

दुसरा इलाज होता का? बॉनेट लावलं, वर मी बसलो. लोकांनी माळा पुन्हा नीट केल्या, त्यातली एक चुकून माझ्या गळ्यात पडली. नादस्वरम सुरू!

कार्यालयाच्या दारात आरतीचं ताट घेऊन भाऊजींची म्हातारी मावशी उभी. तंजावरहून नुकतीच आलेली, नवरदेवाला कधी न पाहिलेली. तिला काय दिसलं? मागे गाडी हाकणारा एक पोरगा, आणि पुढे फुलांत, रेशमी वेष्टीत विराजमान मी!

मी तोंड उघडेपर्यंत कपाळाला कुंकू लागलंसुद्धा. मला ओवाळून तिने नीट न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मापिळ्ळे बरा आहे. पण इतका पिकलाय, हे मुलीला आधी सांगितलंत ना?"

नादस्वरम बंद. व्याही पोट धरून खाली बसले.

तेवढ्यात माझी बायको पुढे आली आणि मावशीचा ताट धरलेला हात हलकेच मागे वळवला.

"मावशी, हा नग आमच्याकडेच असू द्या. मुलीसाठी तो मागचा बघितलाय. त्याला गाडी आतून चालवता येते!"