परातीतल्या पिठातलं नाव

शकुंतलामावशी गेली, त्याला आता महिना होत आला. बुलडाण्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी मी होते, बातमीचे फोनही मीच केले... तरी संध्याकाळ झाली की डोणगावला तिच्या घरी फोन लावायला हात आपोआप जातो.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. सातवीपर्यंत शिकलेली, शेतात दोन माणसांच्या तोडीचं काम करणारी आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारी. तिचा एकुलता एक मुलगा नितीन तैवानला नोकरीला गेला आणि त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. मावसाजींनी जाहीर करून टाकलं, "ते पोरगी माह्या दारात नाई पायजे." मावशी भांडली नाही. तिने नितीनला फोन करून एवढंच म्हटलं, "तिचं नाव ते लोक कसं लिवतात? मले दाखव."

नाव होतं आन. लिहायला एकच चिनी अक्षर, 安. वर छप्पर, छपराखाली बाई. अर्थ शांती, सुखरूपपणा. नितीनने हे समजावलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. मावशी म्हणाली, "छपराखाली बाई बसली का शांती? त्या बाईले इचारलं का कोनी?" नितीनने हे आनला तिच्या भाषेत सांगितलं, आणि ती इतकी हसली की त्या दोघींचं तिथूनच जमलं.

संध्याकाळी कणीक मळायच्या आधी मावशी परातीत कोरडं पीठ पसरायची, आनला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल डब्याला टेकवायची आणि बोटाने ते अक्षर काढायची. सुरुवातीला ती आधी बाई काढायची, मग वर छप्पर. आन नकारार्थी मान हलवायची. रेघांना क्रम असतो, छप्पर पहिलं. मावशीला ते पटायचं नाही. "बाईच नाई तर छप्पर कोनासाठी घालता व?" पण शिकायचंच म्हटल्यावर तिने हट्ट सोडला. बाईची आडवी रेघ तिला कित्येक आठवडे जमली नाही. पीठ हाताने सारखं करायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मावसाजी दारातून करवादायचे, "पिठात काय खेळून राह्यली?"

"सुनेचं नाव घेऊन राह्यले," ती वर न बघता म्हणायची.

हळूहळू आनने तिला ते अक्षर वापरायलाही शिकवलं. त्यांच्याकडे सकाळच्या नमस्कारात ते येतं, खुशाली सांगतानाही येतं. मग सोयाबीन घरात आलं, गाय व्याली, वादळ टळलं, की मावशी पिठात अक्षर काढून त्याचा फोटो पाठवायची. आनही तिच्याकडून मराठी उचलत होती, तीही थेट डोणगावची! मी शाळेत भाषा शिकवते. एक अक्षर इतकं आपलंसं करणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

मग मावशीला मेंदूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. मी तैवानला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल तिच्यासमोर धरला. मावशीने डाव्या हाताचं बोट चादरीवर टेकवलं आणि सावकाश ते अक्षर काढलं. छप्पर, मग बाई. नितीनचा जीव भांड्यात पडला. "आई म्हणते, बरी आहे. पुढच्या आठवड्यात सुट्टी मिळाली की येतोच." मलाही तसंच वाटलं होतं. आन मात्र रडत म्हणाली, "नाई. आई मले हाक मारून राह्यली."

दोघं दुसऱ्याच दिवशी निघाले. दवाखान्याच्या दारात मावसाजी उभे होते. आन पाया पडायला वाकली, तसे ते बाजूला सरले आणि म्हणाले, "अगोदर आत जाय. तुही वाट पाहून राह्यली ते."

मावशीने तिचा हात धरला, तो दिवसभर सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तेरवी झाल्यावर आन आणि नितीन परत निघाले, तेव्हा मावसाजींनी तिच्या पिशवीत घरच्या तुरीची डाळ कोंबली. मग घसा खाकरून म्हणाले, "पोचल्यावर फोन करजो."

"हो बाबा, करतो," नितीन म्हणाला.

"तुले नाई बे. तिले सांगून राह्यलो."