गुरुवारपर्यंत

सांगलीहून निघाले त्या सकाळी बाबांनी माझ्या हातात एक प्लॅस्टिकची फाइल दिली. आत माझी बी.एड.ची पदवी, गुणपत्रिका आणि पुण्याच्या शाळेतल्या अकरा वर्षांच्या अनुभवाचा दाखला होता. सगळे कागद त्यांनी लॅमिनेट करून आणले होते. "तिकडे पाऊस फार असतो म्हणतात," ते म्हणाले. दारात मुंबईला नेणारी गाडी उभी होती. माझा नवरा समीर सहा महिने आधीच जपानात कावासाकीला गेला होता. आमची तीन वर्षांची इरा ड्रायव्हरच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवत होती. आई रडत नव्हती. डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा दाबून पाहत होती. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. निरोपाचं बोलणं त्यांना जमत नसे. ते एवढंच म्हणाले, "शिकवणं सोडू नकोस. घरी बसलीस तर चिडचिडी होशील."

इथे आल्यावर कळलं की लॅमिनेट केलेल्या कागदावर सरकारी शिक्का मारत नाहीत. दादाने विद्यापीठात चार खेपा घालून दुसऱ्या प्रती काढल्या आणि पाठवल्या. बाबांना आम्ही दोघांनी हे कधीच कळू दिलं नाही.

पहिलं वर्ष मी जवळजवळ मुकी होते. कुठला कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा याचा तक्ता फ्रिजवर चिकटवला होता, आणि माझं सगळं जपानी त्या तक्त्यातून आलेलं होतं. मग वॉर्ड ऑफिसात दर बुधवारी निवृत्त लोक फुकट शिकवतात त्या वर्गाला जाऊ लागले. तिथे ओनो-सान नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाई होत्या. मी चुकले की त्या हसत नसत, सुधारतही नसत. मी पुन्हा म्हणेपर्यंत नुसत्या थांबत. तसं थांबणं मी अकरा वर्षांत एकाही मुलासाठी थांबले नव्हते. दुपारी मी बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या दुकानात बाइतो करत असे, म्हणजे तासांवर काम. भाताच्या डब्यांना रबर लावायचे. रात्री कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, गिरवायचे. इरा शाळेत जाऊ लागली तशी माझ्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं देऊ लागली, आणि मला ती समजत नसली की कंटाळून इंग्रजीत.

जपानीची परीक्षा पास झाले आणि नोकरीसाठी अर्ज करू लागले. जवळजवळ दोन वर्षं अर्ज केले. उत्तरं फार सभ्य असत. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा, असं शेवटी लिहिलेलं असे. एका ठिकाणी इंग्रजीसाठी गोरा माणूस हवा होता; तसं म्हणाले नाहीत, पण फोटो पाहून त्यांनी मुलाखतच रद्द केली. समीर म्हणायचा, "अगं, घाई काय आहे?" घाई काय होती हे मला त्याला सांगता येत नसे. रविवारी फोनवर बाबा विचारत, "वर्ग मिळाला का?" नोकरी म्हणत नसत ते, वर्ग म्हणत.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका जुकूतून बोलावणं आलं. जुकू म्हणजे शाळा सुटल्यावरचे क्लास. त्यांना पाचवी-सहावीच्या गणितासाठी शिक्षक हवा होता. गुरुवारी चार वाजता खऱ्या मुलांसमोर अर्ध्या तासाचा पाठ घ्यायचा, मग मुलाखत. विषय अपूर्णांकांचा भागाकार. मी बाबांना कळवलं. ते म्हणाले, "भाकरीपासून सुरू कर. त्यांच्याकडे भाकरी नसेल तर जे गोल असेल ते घे."

मंगळवारी दुपारी मी स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवर असताना दादाचा फोन आला. बाबा सकाळी गेले होते. दोन दिवस दवाखान्यात होते, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. साधा खोकला आहे असं समजून. दादा अगदी हळू बोलत होता.

"तू येतेस का? गुरुवारपर्यंत ठेवता येईल बाबांना. इथे दवाखान्यात सोय आहे. बघ आणि सांग."

मी तिथेच उभी राहून तिकिटं पाहिली. बुधवारी सकाळचं विमान होतं, दिल्लीमार्गे. जागा होत्या. गुरुवारी उजाडता मी सांगलीत पोचले असते. मी फोनच्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मला वाटलं, जुकूला काय कळवू? इथे मुलाखतीला पाच मिनिटं उशीर झाला तरी आधी फोन करून माफी मागतात. दोन दिवस आधी तारीख बदला म्हणणाऱ्या परदेशी बाईला कोण पुन्हा बोलावेल? बाबांनाच हा वर्ग हवा होता, असंही मी मनाशी म्हटलं. ते वाक्य इतकं चटकन सुचलं की तेव्हाच मला त्याचा संशय यायला हवा होता.

दादाला फोन लावला. म्हटलं, "तिकीट मिळत नाहीये. थांबू नका माझ्यासाठी."

तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन आईकडे दिला. आईचा आवाज कोरडा होता. "माहेरचं सुतक तुला तीन दिवस," ती म्हणाली. "तेवढं पाळ. देवाला हात लावू नकोस, कुणाला नमस्कार करू नकोस. दुसरं काही नको करूस." समीरला मी तेच सांगितलं, तिकीट नाही म्हणून.

बुधवारी, तिकडे बाबांना नेत असतील त्या वेळी, मी आरशासमोर उभी राहून अपूर्णांकांचा पाठ जपानीत घोकत होते.

गुरुवार हा तिसरा दिवस. जुकूच्या दारात मान हलवून भागवलं. जिन्यावर कुणी भेटलं नाही. प्रमुख मोरिता-सान, साठीचे, बारीक अंगाचे गृहस्थ, वर्गात मागच्या भिंतीशी वही घेऊन बसले होते. नऊ मुलं होती. मी फळ्यासमोर जाताच एका मुलीने सूचना दिली, सगळी उभी राहिली आणि 'शिकवा आम्हाला' अशा अर्थाचं म्हणत कमरेतून वाकली. इथे प्रत्येक तास असाच सुरू होतो, आणि शिक्षकानेही तितकंच वाकायचं असतं. हे मला माहीत होतं. आरशासमोर मी त्याचाही सराव केला होता.

मला वाकता आलं नाही.

मी फारशी कर्मकांडातली नाही. लग्नानंतर एक उपास धरलेला नाही. पण बाबांसाठी करायचं जे काही होतं त्यातलं मी एकही केलं नव्हतं, आणि आईने सांगितलेली ही एवढीच गोष्ट उरली होती. मुलं वाकून माझ्याकडे पाहत राहिली. मी ताठ उभी. कुणीतरी खुसखुसलं. मागे मोरिता-सानांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वळून फळ्यावर एक वर्तुळ काढलं आणि त्याला पिझ्झा म्हटलं.

पाठ कसा झाला हे मला अजूनही नीट आठवत नाही. एक मुलगा म्हणाला की अर्ध्या पिझ्झाचे पाव पाव तुकडे केले तर दोन होतात, मग भागाकाराचं उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं कसं? त्याला उत्तर न देता मी थांबले. पुष्कळ थांबले. त्याच्या शेजारच्या मुलीने त्याला समजावलं.

मग मुलाखत. मोरिता-सानांनी आधी माझ्यापुढे चहा सरकवला.

"पाटणकर-सान, एक विचारतो, राग मानू नका. तुम्हाला कंबरेचा त्रास आहे का? असेल तर वर्गात उंच खुर्ची ठेवता येईल."

खोटं बोलायची सोय त्यांनीच करून दिली होती. पण दोन दिवसांत मी एक खोटं बोलून झाले होते, दुसऱ्याला जागा नव्हती. मी म्हटलं, "माझे वडील परवा गेले. आमच्याकडे तीन दिवस कुणाला नमस्कार करत नाहीत. मुलांचा अपमान करायचा नव्हता."

"परवा?" ते म्हणाले. मग, "अंत्यविधी?"

"काल झाले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक फोन करायचा होतात. वडील गेले म्हटल्यावर इथे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आम्ही पाठ पुढच्या महिन्यात ठेवला असता."

त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. ते नुसती एक माहिती सांगत होते, कचऱ्याच्या तक्त्यासारखी. आठ वर्षं या देशात काढून, त्यांची लिपी गिरवून, त्यांची परीक्षा देऊन मला ही एक साधी गोष्ट माहीत नव्हती, आणि ती कुणाला विचारावी हेही सुचलं नव्हतं. ते उभे राहिले. सांत्वनासाठी इथे जसं वाकतात तसे वाकू लागले आणि अर्ध्यात थांबले. मी आत्ताच काय सांगितलं ते त्यांना आठवलं असावं. हात बाजूला धरून ते माझ्यासमोर सरळ उभे राहिले. मीही उभी राहिले.

"आधी घरी जाऊन या," ते म्हणाले.

मी शनिवारी सांगलीला पोचले. बाबांची खुर्ची कुणीतरी भिंतीला लावून ठेवली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मिळालं का गं तिकीट शेवटी?" मी हो म्हटलं. दादा तेव्हा दारात चपला सरळ करत होता. त्याने वर पाहिलं नाही. दहावा, तेरावा झाला, मी परतले. एप्रिलपासून तो वर्ग माझा आहे. आता नमस्कार झाल्याशिवाय माझा तास सुरू होत नाही.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा इथल्या ऋतूंवर लिहायचं ठरवलं होतं. ते लिहून होईना. हे लिहून झालं तेव्हा पाठवण्याआधी मी दादाला फोन केला. आधी मेसेज टाकून वेळ विचारली, तर म्हणाला, "पुरती जपानी झालीस. बहिणीने भावाला फोन करायला अपॉइंटमेंट घ्यायची?" मी त्याला सगळं सांगितलं. पलीकडे प्रेशर कुकरच्या दोन शिट्या झाल्या.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझा फोन यायच्या आधी मीही तिकिटं पाहिली होती. बुधवारच्या विमानात जागा होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? आई शेजारी बसलेली. तिने विचारलं, येतेय का. मी म्हटलं, जागाच नाहीत, मीपण पाहिलं."

"रागावलास?"

"रागावणार नाही तर काय? दवाखान्यात मी, घाटावर मी, आईला सांभाळायला मी. रागावलो होतो. अजून आहे थोडा." मग, "वर्ग तरी चांगला आहे ना?"

"चांगला आहे."

"मग झालं. आईला सांगायचं तर फोनवर नको हं. इथे येऊन सांग."

घर म्हणजे जिथे आपली वाट पाहतात ती जागा, असं मी ओनो-सानांच्या वर्गात एका निबंधात लिहिलं होतं. आता तसं लिहिणार नाही. सांगलीत एक माणूस वर्षभर माझं खोटं स्वतःचं म्हणून आईसमोर बोलत राहिला, आणि त्याच वर्षभर तो माझ्यावर रागावलेलाही होता. इथे कुणी माझ्यावर इतका काळ रागावत नाही. तसं कारणही मी कुणाला देत नाही.

वर्षश्राद्धासाठी निघते आहे. हा अंक छापून तिकडे पोचायच्या आत मला आईशी बोलायचं आहे. ती काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. ती दुपारी स्वयंपाकघरात खाली बसून भाजी निवडते. तिला बाहेर बोलावणार नाही. आत जाऊन तिच्यासमोर बसेन, आणि ती बोलेपर्यंत थांबेन.