पाच फुटी दांडा

माझ्या वडिलांनी तीस वर्षं झाडू विकले आणि त्या तीस वर्षांत एकदाही रस्ता झाडला नाही. मी त्यांची मुलगी असून हे सांगते आहे. ते असते तर त्यांनीच आधी सांगितलं असतं.

पत्र्याच्या शेडमध्ये, एका ड्रिल मशीनवर बाबांनी कारखाना उभा केला. बारा फुटी बांबूचे चार-चार फुटांचे तीन दांडे निघतात, तुकडासुद्धा वाया जात नाही, याचा त्यांना कोण अभिमान! पाहुण्याला चहाच्या आधी ही कापणी बघावी लागे. नगरपालिकेचे सगळे झाडू आमचेच असत. पुढे लोकांनी आग्रहाने त्यांना नगराध्यक्ष केलं आणि नियमाप्रमाणे पालिकेला आमचा माल बंद झाला. कारखाना त्यांनी माझ्याकडे सोपवला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, असं आई म्हणायची. तिचं काही चुकत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात ते सफाई कामगारांना भेटायला गेले. कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक बाई म्हणाली, भाषण राहू द्या, तासभर झाडून बघा. बाबांनी पोस्टापासून बसस्टँडपर्यंत झाडलं आणि घरी आले ते काटकोनात. तीन दिवस आई पाठ शेकत होती आणि ते उशीत तोंड खुपसून एकच सांगत होते, की आपण बांबूचं माप घेतलं, माणसाचं घेतलंच नाही.

उठल्याबरोबर त्यांनी टेप घेऊन रस्ता झाडणाऱ्या बायकांच्या उंच्या मोजल्या. आमच्या सुताराचे तीन नमुने फसले, चौथा जमला. पाच फुटी दांडा, खाली ब्रश जरा तिरका. वाकायचं कामच नाही.

पालिकेचं काम तेव्हा पुलापलीकडच्या ब्रशवाल्याला मिळालं होतं. बाबांना नमुना त्याला द्यायचा होता. मी साफ नकार दिला. आमचं काम निम्म्यावर आलेलं, पॅकिंगच्या बायका रोज माझ्या तोंडाकडे बघायच्या. बाबांची मुदत संपायला तीन वर्षं होती. तोवर दांडा झाकून ठेवला तर काम पुन्हा आपलंच, हे शेंबडं पोरही सांगेल. बाबांनी वाद घातला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"कारखाना तुझा आहे. तू नाही म्हणालीस तर नाही," ते म्हणाले. "पण तीन वर्षं कळ काढाल का, हे त्या झाडणाऱ्या बायकांना तूच विचारून ये. माझी हिंमत नाही."

मी तणतणत गेले. बाबांना झाडायला लावणारी ती बाई गटाराकडेचा कचरा ओढत होती. ढीग झाल्यावर सरळ व्हायला निघाली, अर्ध्यात थांबली, श्वास घेतला, मग उरलेली सरळ झाली. मला स्वतःची लाज वाटली. काही न विचारता मी घरी आले, नमुना उचलला आणि पूल ओलांडला. यात मेख काय, असं ब्रशवाल्याने चारदा विचारलं. मेख नाही हे पटायला त्याला आठवडा लागला.

पालिकेचं काम आम्हाला परत कधीच मिळालं नाही. आम्ही शाळा धरल्या, दवाखाने धरले, उरलेल्या तुकड्यांचे घरगुती ब्रश काढले. एकाही बाईला घरी बसवावं लागलं नाही. बाबा गेले तेव्हा गावभर लांब दांड्याचे झाडू होते, बहुतेक दुसऱ्याच्या शिक्क्याचे.

मागच्या महिन्यात ती बाई निवृत्त झाली आणि कारखान्यात आली. मी खुर्ची पुढे केली.

"बसायला नाही आले," ती म्हणाली. "साहेबांना दाखवायचं राहिलं, म्हणून तुम्हाला दाखवते."

आणि माझ्यासमोर ती ताठ उभी राहिली.