दारूचे गारीगार

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी लेक पुण्याहून चार दिवसांसाठी आली, तेव्हा तिच्या बॅगेत प्लास्टिकचे साचे, लाकडी काड्यांचं पाकीट आणि पांढऱ्या रमची बाटली होती. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून तिला कॉकटेलच्या पॉप्सिकल करायच्या होत्या. पॉप्सिकल हा शब्द आमच्या घरात अर्धा तासही टिकला नाही. सोलापुरात काडीवरच्या बर्फाला गारीगार म्हणतात, म्हणून ते दारूचे गारीगार झाले.

कलिंगडाचा रस गाळून त्यात लिंबू, काळं मीठ, साखरेचा पाक आणि रम. रम मी हात सैल सोडून ओतत होते, तर लेकीनं माझं मनगट धरलं. "मम्मी, जास्त झाली तर गोठतच नाही. नुसता चिखल होतो." मग चमच्यानं मोजून घातली. बारा गारीगार रमचे केले आणि चार बिनरमचे, माझ्या सासूबाईंसाठी.

सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पदर कधी ढळला नाही आणि आवाज कधी चढला नाही, अशी बाई. घरात दारू यायची नाही हा नियम त्यांचाच. माझे मिस्टर बाहेर कधी घेतात हे त्यांना कळत असे आणि त्या ते कळू देत नसत. म्हणून लेकीनं खूण केली. रमच्या प्रत्येक साच्यात पुदिन्याचं एक पान सोडलं आणि आजीला सांगितलं, "पान दिसलं की ते तुझं नाही हं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे आमच्यापैकी कुणालाच त्या क्षणी आठवलं नाही.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर लेक, मिस्टर आणि मी, तिघांनी मिळून रमचे चार संपवले. सोमवारी लेक गेली. रमचे आठ उरले.

मीही शाळेत शिकवते; मंगळवारी माझी सकाळची शाळा सुटली आणि मी पावणेएकला शुक्रवार पेठेत घरी पोचले. त्या वेळी आमच्या बोळात कुणी नसतं. दुकानांची शटर अर्धी खाली, आत अंधारात कुणीतरी पंख्याखाली आडवं. कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला सावलीत मेल्यासारखी पडलेली. ऊन इतकं की आपल्या चपलेचा आवाज आपल्याला परका वाटावा. जिना चढून मी वर आले, दार लोटलं आणि तशीच उभी राहिले.

मधल्या खोलीचं दार बंद होतं आणि आत एक लहान मुलगी बोलत होती.

शेजारची एखादी पोर आली असेल असं वाटलं. पण भाषा मराठी नव्हती. ती दोन वाक्यं बोलायची, थांबायची, मग खुदकन हसायची. समोरच्यानं काहीतरी उत्तर द्यावं आणि ते ऐकून घ्यावं, नेमकी तेवढीच ती थांबत होती. दुसरा आवाज मात्र येत नव्हता.

मी दार ढकललं. सासूबाई शहाबादी फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या सहा वर्षांत जमिनीवर बसल्या नव्हत्या. केस सुटलेले. समोर हातभर अंतरावर स्टीलची ताटली, तिच्यात लालसर पाणी आणि एक काडी. दुसरी काडी त्यांच्या हातात. त्या ताटलीच्या पलीकडे, भिंतीच्या थोडं अलीकडे बघत होत्या आणि तो लहान मुलीचा आवाज त्यांच्या तोंडातून येत होता.

"आई!" मी हाक मारली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. अनोळखी मोठं माणूस खोलीत आलं की मुलं अंग चोरतात, तशा त्या भिंतीकडे सरकल्या.

मला पहिलं वाटलं ते लकव्याचं. पाणी आणायला स्वयंपाकघरात धावले, परत येऊन त्यांना आधार देऊन पलंगावर निजवलं, तेव्हा तोंडाला वास आला. मग सगळं लक्षात आलं. फ्रीजमध्ये बिनरमचे गारीगार संपले होते आणि पुदिन्याची दोन पानं ताटलीच्या कडेला चिकटली होती. सासूबाई बीपीच्या गोळ्या घेतात. दोन तास मी उशाशी बसून त्यांची नाडी बघत राहिले.

खोली आवरताना काड्या उचलल्या. एक काडी नुसती ओली होती. दुसरीचं, ताटलीतल्या काडीचं, टोक चावून चावून पार झाडूसारखं झालं होतं. सासूबाईंची कवळी सकाळपासून मोरीजवळच्या वाटीत पाण्यात होती.

पाच वाजता त्या उठल्या, वेणी घातली, चहा मागितला. "आज फार गाढ झोप लागली बघ," म्हणाल्या. मराठीत, नेहमीच्या आवाजात.

आता जे सांगते आहे ते मी मिस्टरांनाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. ते सहा गारीगार मी त्या दिवशी फेकायला हवे होते. फ्रीज उघडला, साचे हातात घेतले आणि परत ठेवले. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. पंचवीस वर्षं मी या बाईच्या घरात राहत होते आणि त्यांच्या आत कुणी लहान मुलगी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बुधवारी शाळेतून आले, तर दार तसंच बंद, आवाज तसाच. मी बाहेर उभी राहून ऐकलं. एक वाक्य परत परत येत होतं, ते मी पाठ केलं आणि खालच्या मजल्यावरच्या अक्कांना जाऊन सांगितलं. अक्का विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू बोलतात आणि बाहेर सोलापुरी मराठी.

"एंडल पोकु," मी म्हणाले. "म्हणजे काय हो अक्का?"

"उन्हात जाऊ नको," अक्का म्हणाल्या. "कोण म्हणायलंय?"

"आई."

अक्का हसल्या. "आजींना कुटं येतंय तेलुगू, मॅडम?"

गुरुवारी मी त्यांना वर घेऊन आले. आम्ही दोघी बंद दाराशी उभ्या राहिलो. आत बोलणं चालू होतं. अक्कांनी कान लावला आणि थोड्या वेळानं त्यांचा हात माझ्या दंडाशी आला.

"ही आमची आत्ताची बोली न्हाय," त्या पुटपुटल्या. "माझी आजी बोलायची तसली हाय. लई जुनी."

"काय म्हणतायत?"

"सगम नाकु, सगम नीकु. अर्धा मला, अर्धा तुला. लेकरं वाटणी करतात की, तसं." मग पुन्हा ऐकून, "उन्हात जाऊ नको म्हणायल्यात. तो गारीगारवाला परत येईल म्हणायल्यात."

आणि मग अक्कांनी, मी सांगितलं नसताना, दाराला तोंड लावून तेलुगूत काहीतरी विचारलं. आतलं बोलणं थांबलं. पंख्याचा कुरकुर आवाज तेवढा राहिला. मग उत्तर आलं, अगदी हळू.

अक्का दारापासून मागे झाल्या. "मी इचारलं, तुझ्यासंगं कोण हाय. तर म्हणाली, ती आलीया. पण तिचे पाय भाजायलेत, म्हणून बसत न्हाय."

मी काही बोलायच्या आत अक्का स्वयंपाकघरात गेल्या, माठातलं तांब्याभर पाणी आणलं आणि उंबऱ्यावर हळूहळू ओतलं. पाणी दाराखालून आत गेलं. आत कुणीतरी सुस्कारा टाकला. मला विचाराल तर तो सासूबाईंनीच टाकला. अक्कांना विचाराल तर त्या नुसते हात जोडून कपाळाला लावतात.

उरलेले दोन मी तेव्हाच मोरीत टाकले. संध्याकाळी सासूबाई उठल्यावर त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी चूक झाली होती, पण नंतरचे दोन दिवस मी ते फ्रीजमध्ये मुद्दाम ठेवले, तेही सांगितलं.

"तू मला दारू पाजलीस," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता.

"हो आई."

त्यांनी हाताच्या शिरांवरून बोट फिरवलं. "आणि मी तेलुगू बोलले?"

"हो."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. त्यांचं माहेर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत होतं. वडील तिथे शाळामास्तर. शेजारी मागाचं घर, आणि त्या घरात त्यांच्याच वयाची एक मुलगी. दिवसभर तिच्याबरोबर राहून त्या तेलुगू शिकल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठी माणसं झोपली की दुपारी गारीगारवाला यायचा. दोघींत मिळून एक घ्यायच्या, तिथेच अर्धा-अर्धा करायच्या.

"एक दिवस त्याची घंटा ऐकली आणि दार उघडेपर्यंत तो पुढे गेला होता," सासूबाई म्हणाल्या. "जमीन तापलेली. दोघींच्या पायात काही नाही. मी म्हणाले, तूच जा, तू पळतेस जोरात. मी आमच्या दारात सावलीत उभी राहिले. ती गेली ती दिसत होती मला. लाल परकर होता. कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होती. परत आली तेव्हा तिला ऊन लागलं होतं. दिवे लागायच्या आत गेली."

नऊ वर्षांच्या होत्या त्या. त्यानंतर त्यांनी तेलुगूचा एक शब्द उच्चारला नाही. वर्षभरात वडिलांची बदली झाली, तेही सोपं झालं.

"कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? मी पाठवली म्हणून?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

शोध घेतला तो अक्कांनी. त्यांच्या लोकांत कोण कुठे राहतं हे दोन फोनवर कळतं. त्या मुलीचा धाकटा भाऊ हयात होता. त्याच गल्लीत, आता सिमेंटच्या घरात. मे महिन्यात एका सकाळी ऊन चढायच्या आधी आम्ही तिघी रिक्षानं गेलो. म्हातारा खाटेवर बसला होता, बनियन आणि लुंगीत. त्याला शेजारच्या मास्तरांची आठवण होती. सासूबाईंनी त्याच्यासमोर हात जोडले आणि मराठीत, एकेक शब्द तोलत, सांगितलं की तुझ्या बहिणीला त्या दिवशी मी पाठवलं होतं.

तो गोंधळला. अक्कांकडे बघून तेलुगूत काहीतरी म्हणाला, मग आमच्याशी मराठीत.

"पाठवली कशी? तुमी पण होता की तिच्यासंगं. मी लहान होतो, पण आई मरस्तोवर सांगायची. दोघी हात धरून गेल्या, दोघी हात धरून आल्या. दोघींना ऊन लागलेलं. एकाच मागाच्या खोलीत दोघींना ओल्या चादरीत गुंडाळून ठिवलेलं. तुमी वाचला."

सासूबाईंनी मान हलवली. "नाही. मी दारात होते. सावलीत."

"ताई, तुमच्या पायाला फोड आले होते म्हणायची आई. म्हैनाभर चालला न्हाय तुमी."

म्हाताऱ्यानं आम्हाला चहा दिला. निघताना त्यानं सासूबाईंना तेलुगूत परत यायला सांगितलं आणि त्यांनी, सदुसष्ट वर्षांनी आणि शुद्धीत, तेलुगूत "वस्ता" म्हटलं. येते.

रिक्षात त्या मधे बसल्या होत्या. पूर्व भाग मागे पडला, ऊन वाढलं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं असं मनात चाललं होतं. मी म्हणाले, "बघा आई, तुम्ही तिला एकटीला पाठवलंच नव्हतं."

त्या समोर बघत होत्या.

"मला ती पाठमोरी दिसते," त्या म्हणाल्या. "लाल परकर. तिच्याबरोबर कुणी नाही. रस्ता रिकामा. मी सावलीत आहे, पायाखाली फरशी गार आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी वर्गातल्या शांत आवाजात, "मी तिच्याबरोबर गेले असेन, तर दारात उभं राहून हे सगळं बघत कोण होतं?"

अक्कांनी बाहेर तोंड फिरवलं.

आता त्या महिन्यातून एकदा त्या म्हाताऱ्याकडे जातात. तासभर तेलुगूत बोलतात आणि येतात. काय बोलतात ते मी विचारत नाही. यंदा लेकीनं फोनवर विचारलं, साचे आणू का? मी नको म्हणाले. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. रागानं नाही. काहीतरी मागायचं आहे आणि मागता येत नाही, तसं.